न पाहिलेल्या डबीची साक्ष

पुसद
१४ ऑगस्ट २०२४

चि. ऋचा,

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपापुढे एकच खूण उमटते, म्हणून कागद घेतला. हॅम्बुर्गचा पत्ता आईच्या वहीतून उतरवला. तिला मागितला असता तर तिने कारण विचारलं असतं. तू दर रविवारी तिच्याशी बोलतेस आणि माझं नाव निघालं की घाईत असतेस. एप्रिलमध्ये काय झालं ते तूही तिला सांगितलेलं दिसत नाही. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की नाही, ठरत नाही.

त्या दिवशी माझा आवाज चढला, हे कबूल. त्याच आठवड्यात बी.पी.ची गोळी बदलली होती.

मी काय केलं ते एकदा नीट मांडतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. पियूष माझा विद्यार्थी, १९९६ची दहावीची बॅच. मुंबईत जुन्या वस्तूंचा व्यवसाय करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एका छोट्या दगडी डबीचे फोटो पाठवले. झाकणाभोवती खरोष्ठीत कोरलेली एक ओळ होती. मी ती वाचून दिली. वाचणं हा गुन्हा असेल तर पुसदमध्ये मी एकटाच गुन्हेगार, कारण ती लिपी इथे दुसऱ्या कोणाला येत नाही. आणि मी एक रुपया घेतलेला नाही. हे तू लक्षातच घेतलं नाहीस.

आता त्या पत्राचं. डबी परदेशात लिलावाला निघाली, त्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये माझ्या सहीचं पत्र छापलंय. १९६६ साली, मी बारा वर्षांचा असताना, ही डबी पुसदला नानाजी वकिलांच्या घरी पाहिली, आणि दोन वर्षांनी त्यांचा मुलगा इंग्लंडला गेला तेव्हा ती त्याच्यासोबत गेली, असं त्यात आहे. ते मी आठवणीवरून लिहिलं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. नानाजींकडे जुन्या वस्तू बऱ्याच होत्या, त्यांत अशी एक डबी असल्यासारखं वाटतं. माणसाच्या आठवणीत चूक होऊ शकते. चूक वेगळी आणि तू वापरलास तो शब्द वेगळा.

तू म्हणालीस की ही डबी तू स्वतः हातात धरलीयेस, २०१७ साली, अफगाणिस्तानातल्या त्या उत्खननाच्या कोठीत, जुन्या वस्तूंचं जतन शिकायला गेली होतीस तेव्हा. असेल. एकसारख्या दोन डब्या असू शकतात.

तब्येत सांभाळ. आईचा गुडघा बरा आहे.

बाबा


१५ सप्टेंबर २०२४

चि. ऋचा,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं.

गुरुवारी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. आदल्या दिवशी जेवायला शेजारचे सगळे होते. आंबील वाढता वाढता कोणीतरी म्हणालं, "सर, ते विदेशातलं पुस्तक दाखवा ना पाहुण्यांना, तुमचं नाव आलेलं." मार्च महिन्यात तो कॅटलॉग मी अर्ध्या गावाला दाखवला होता. शाळेने त्यातलं माझं पान फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावलंय. त्यात मला 'प्राध्यापक' म्हटलंय. मी जन्मभर आठवी ते दहावीला इतिहास शिकवला, हे मी कोणाला दुरुस्त करून सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, पुस्तक सापडत नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. तिनेच ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय.

मागच्या पत्रात लिहिलं की डबी असल्यासारखं वाटतं. तसं वाटत नाही. नानाजींकडे डबी नव्हती.

त्यांच्याकडे होती ती नाणी, बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात. कोर्टातून आले की कोट काढून ओसरीवर बसायचे आणि मला एकेक नाणं तळहातावर ठेवून दाखवायचे. माझे वडील तहसीलमध्ये कारकून, घरात पुस्तक म्हणून पंचांग. मला इतिहास लागला तो त्या ओसरीवर. ते वारले तेव्हा मी बी.ए.ला होतो. त्यांचा मुलगा इंग्लंडातच संपला, मागे कोणी नाही. म्हणून तर ते नाव सोयीचं होतं.

हे पियूषने सुचवलं असं लिहिणार होतो. त्याने फक्त विचारलं होतं. नोव्हेंबर महिना होता, तो गाडी घेऊन घरी आला. माझ्या पाया पडला. आईने पोहे केले. मग म्हणाला, "सर, तुम्ही वाचलेली ओळ मी परदेशात दोघा-तिघांना पाठवली. सगळे म्हणाले, हा माणूस कोण, इतके दिवस कुठे होता?"

ऋचा, मी अठ्ठ्याहत्तर सालापासून ती लिपी शिकत होतो. शाळेच्या वाचनालयात अर्धं फाटलेलं एक पुस्तक होतं, त्यावरून. एकही माणूस नव्हता ज्याला मी म्हणू शकेन, हे बघ, हे अक्षर असं आहे. तू होतीस, पण तू दहावीनंतर गेलीस. इतके दिवस कुठे होता, हे वाक्य मला कोणीच म्हटलं नव्हतं.

मग पियूष म्हणाला, "फक्त एक अडचण आहे सर. वस्तू खूप आधी बाहेर गेलीये, पण कागद नाही. जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी करणाऱ्या बहात्तरच्या कायद्याच्या आधी इकडे कोणी पाहिली असेल, तुमच्यासारखं कोणी, तर काम होईल. नाहीतर तुमचं वाचन छापलं जाणार नाही."

मी म्हणालो, "आमच्या गावात नानाजी म्हणून एक वकील होते."

तो मोबाइलवर लिहून घेऊ लागला. पुढचं सगळं मी सांगितलं. ओसरी, खुंटीवरचा कोट, साल, मुलाचं इंग्लंडला जाणं. ओसरी आणि कोट खरे होते, म्हणून सगळंच खरं वाटत होतं.

आईला अजून सांगितलेलं नाही.

बाबा


२० ऑक्टोबर २०२४

ऋचा,

तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त एका रजिस्टरच्या पानाचा फोटो. पाकीट आईने फोडलं. मी बँकेत गेलो होतो, आणि तुझं अक्षर पाहून तिला राहवलं नाही.

मी आलो तेव्हा ती टेबलाशी बसली होती. एका हाताला तू पाठवलेला फोटो, दुसऱ्या हाताला तो कॅटलॉग. तिला ना फारसी येते ना खरोष्ठी. पण रजिस्टरमध्ये त्या कोठीच्या राखणदाराने, सखी नावाच्या तुझ्या त्या गृहस्थांनी, डबीचं चित्र काढलंय पेन्सिलीने, झाकणावरचा टवका उडालेला भागसुद्धा. आणि कॅटलॉगमधल्या फोटोतही टवका तिथेच आहे.

"ही एकच आहे ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग तुम्ही लहानपणी नानाजींकडे कशी पाहिली?"

मी पासबुक टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, "अहो, मी पोहे केले होते त्या दिवशी. मी तिथेच स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, आज किती दिवसांनी हे असे खुलून बोलून राह्यले."

मग मी तिला सगळं सांगितलं, एप्रिलमधल्या फोनसकट. तुला ते पुन्हा लिहायची गरज नाही, पण आईला सांगताना जे मी बोललो ते तुलाही सांगायला हवं, कारण तुझ्याशी बोलताना मी ते कधीच सरळ म्हटलेलं नाही.

ऑगस्ट २०२१मध्ये तिथलं सरकार कोसळलं, त्या आठवड्यात बंदूकवाले लोक कोठीत शिरले. सखींनी दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली होती, त्या लोकांनी दारच तोडलं. दोनशेच्या वर वस्तू गेल्या. सखींनी रजिस्टर घरी पिठाच्या कणगीत लपवून वाचवलं. नव्या लोकांनी वर्षा-दोन वर्षांनी चौकशी सुरू केली तेव्हा ते रजिस्टर घेऊन तेच स्वतःहून पुढे गेले. हे तू मला फोनवर सांगत होतीस आणि मी मध्येमध्ये "बरं, बरं" म्हणत होतो. मार्चमध्ये कॅटलॉग निघाल्यावर तू त्यांना ते पान पाठवलंस, आनंदाने. चारशे सतरा नंबरची वस्तू सापडली म्हणून. ते पान घेऊन ते कचेरीत गेले. तिथे कोणीतरी माझं पत्र वाचून काढलं. ही वस्तू साठ वर्षं हिंदुस्तानात आणि इंग्लंडात आहे, असं एका प्राध्यापकाने सही करून सांगितलंय. सखींना त्यांनी विचारलं, मग तुझ्या रजिस्टरात ती कशी? म्हणजे तूच खोट्या नोंदी केल्यास, आणि कोठीतल्या खऱ्या वस्तू तूच विकल्यास. त्यांना तिथूनच कोठडीत टाकलं.

तू रडत होतीस. आणि मी म्हणालो, "मग पान कोणी पाठवलं? तूच अडकवलंस त्याला."

हे आईला सांगितलं तेव्हा ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी काय आणायची, गॅस संपला, एवढंच. रात्रीचं पान वाढते आणि स्वतः आत जेवते. बेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या फोटोच्या मागे तू पेन्सिलीने सखींचं वय लिहिलंयस. एकोणसत्तर. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

बाबा


२४ नोव्हेंबर २०२४

ऋचा,

पियूष नागपूरला कोणाच्या तरी लग्नाला आला होता, तिथे जाऊन त्याला भेटलो. फोनवर तो "नेटवर्क नाही सर" म्हणत होता. पहाटेच्या एसटीने निघालो, आर्णी, यवतमाळ करत दुपारी पोचलो. रस्ताभर वेचणीचा कापूस ट्रॅक्टरवर लादलेला. मी मनात वाक्यं जुळवत होतो. शिक्षकाने विद्यार्थ्याशी बोलायची वाक्यं.

मंगल कार्यालयाच्या बाहेर, जनरेटरच्या मागे उभे राहून बोललो. मी म्हणालो, "ते पत्र मला मागे घ्यायचंय. खोटं आहे ते. तिकडे एक माणूस अटकेत आहे."

तो हसला नाही, चिडला नाही. "सर, टेन्शन नका घेऊ. तिकडे रोज कोणी ना कोणी अटकेत असतं."

"मी पोलिसांना सांगेन."

"सांगा ना. काय सांगाल? माझी सही कुठेच नाही. वाचन तुमचं, पत्र तुमचं, नानाजी तुमचे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि आकडा पुसायला मी सांगितलं होतं का, सर?"

हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. हे चौथं पत्र, आणि आधीच्या तिन्हींत हे आलं नाही. यातही पियूषचं नाव पुढे करूनच येतंय.

त्याने पाठवलेल्या पहिल्या फोटोंत डबीच्या तळाचा एक फोटो होता. तळाला पांढऱ्या रंगाची बारीक पट्टी आणि तिच्यावर काळ्या शाईत फारसी आकडे. चार, एक, सात. असा नंबर म्हणजे कुठल्यातरी कोठीची नोंद, हे मला पाहताक्षणी कळलं. तुझ्यामुळेच कळलं. २०१८च्या दिवाळीत तू आली होतीस तेव्हा माझ्या टेबलावर बसून तू मला दाखवलं होतंस, आधी पांढरा थर कसा देतात, वर शाई, वर पुन्हा पारदर्शक थर. दगडाला धक्का न लावता तो केव्हाही काढता यावा म्हणून. मी विचारलं होतं, कशाने निघतो? तू म्हणालीस, अ‍ॅसिटोनने, कापसाच्या बोळ्याने, दोन मिनिटांत.

मी पियूषला फोन करून सांगितलं, "खाली नंबर आहे, तो तसाच ठेवून फोटो छापू नकोस. अ‍ॅसिटोनने निघेल."

तुझेच शब्द.

मला काहीच माहीत नव्हतं, फक्त हौस होती, अशी माझी स्वतःची एक समजूत मी करून घेतली होती. तिच्यावर मी दोन वर्षं झोपलो. मला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला माहीत होतं. फक्त ती ओळ इतकी सुंदर कोरलेली होती. कोण्या सोनाराच्या बायकोने घरातल्या सगळ्यांच्या आरोग्यासाठी दिलेलं दान. मला वाटलं, ही ओळ माझ्या नावाने जगात जाईल.

मोबाइलमधले फोटो मी एप्रिलमध्येच पुसून टाकले, तुझा फोन झाल्यावर तासाभरात. पण वाचताना मोठे करून स्टुडिओतून छापून घेतलेले कागद माझ्याकडे आहेत. तळाचाही. मागे स्टुडिओची तारीख आहे. ते जाळायला दोनदा बाहेर काढले. जाळले नाहीत, आणि त्यामागे प्रामाणिकपणा नव्हता. त्यांच्यावर माझ्या हातचं पेन्सिलीचं वाचन होतं, ते मला नष्ट करवलं नाही.

या कागदांचा उपयोग होईल का, ते तू सांग. मला सांगायचं नसेल तर आईला सांग.

बाबा


१९ जानेवारी २०२५

ऋचा,

आईकडून निरोप मिळाला. प्रतिज्ञापत्र, मूळ कागद, स्टुडिओच्या मालकाचा जबाब, इंग्रजी भाषांतर. तू सांगितलेलं सगळं पार्सलने निघालंय, पावती आईकडे दिली आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फुलसिंगकडे गेलो. फुलसिंग राठोड, तुझ्यापेक्षा चार वर्षं पुढे होता, बसस्टँडमागच्या तांड्यातला. आता वकील आहे, नोटरीही. गावात दुसरे नोटरी आहेत. अनोळखी माणसाकडे गेलो असतो तर सोपं गेलं असतं, म्हणून गेलो नाही.

तो आठवीत असताना मी त्याला सहामाहीच्या पेपरात कॉपी करताना पकडलं होतं. सगळ्या वर्गासमोर बाकावर उभं केलं आणि अर्धा तास प्रामाणिकपणावर बोललो होतो. त्याला आठवत असेल की नाही ठाऊक नाही. मला मात्र त्याच्या खुर्चीसमोर बसल्यावर दुसरं काही आठवेना.

त्याने मजकूर वाचला. पुन्हा वाचला. टायपिस्टला चहा आणायला बाहेर पाठवलं.

"सर, हे तुमी खरंच केलं?"

"हो."

"मंग आता लिहून कायले देऊन राह्यले? कोर्टानं तं मागतलं नाही. उद्या पोलीस येतीन, पेपरात येईन. या वयात तुमाले झेपन का?"

"माझ्या सहीमुळे एक माणूस नऊ महिने कोठडीत आहे, फुलसिंग."

त्याने कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाला, "मले पूर्ण वाचून दाखवा लागते, सर. नियम आहे. तुमी ऐका."

आणि त्याने मोठ्याने वाचलं. 'मी, नरहर, वय एकाहत्तर, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की सदर वस्तू मी कधीही पाहिली नाही. सदर वस्तूवरील नोंद-क्रमांक काढून टाकण्याचा सल्ला मी दिला.' वकिली भाषेत लाज मावत नाही. माझी सही रेघेखाली गेली म्हणून त्याने दुसरी प्रत काढली आणि म्हणाला, "सावकाश करा, घाई नाही."

तिथून शाळेत गेलो. मुख्याध्यापिका नवीन आहेत, माझ्या हाताखाली शिकलेल्या नाहीत. मी म्हणालो, ती फ्रेम मला काढून न्यायची आहे. त्या म्हणाल्या, "का सर, मुलांना दाखवतो आम्ही." मी कारण सांगितलं. स्टाफरूममध्ये सहा जण होते. एका तरुण मास्तराने खुर्चीवर चढून ती काढून दिली आणि तिच्यावरची धूळ पुसून माझ्या हातात ठेवली. मला वाटलं होतं कोणीतरी रागावेल. ते सगळे नजर चुकवत होते, जणू चूक त्यांचीच.

बातमी गावात पसरायला दोन दिवस लागले. सकाळी फिरायला जाताना लोक आता लांबून हात करतात. नानाजींच्या घराच्या जागी दवाखाना झालाय, पण समोरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

परवा जुन्या वस्तूंच्या तस्करीची चौकशी करणारे दोन अधिकारी मुंबईहून येऊन गेले. पियूषबद्दल विचारलं, मी सगळं सांगितलं, माझ्याबद्दलही. पुन्हा बोलावतील. वकील फुलसिंगच आहे.

आई परवापासून माझ्यासोबत जेवायला बसते. बोलत नाही, पण बसते.

बाबा


१६ मार्च २०२५

ऋचा,

कालच्या फोननंतर लगेच लिहितोय. तू आईला जे सांगितलंस ते आधी लिहून ठेवतो, कारण मला ते पुन्हा वाचायला लागणार. डबी लिलावातून काढली. लिलाव होता तिथल्या पोलिसांच्या ताब्यात ती आहे. माझे कागद सखींच्या कचेरीत पोचले आणि त्यांना तीन आठवड्यांपूर्वी घरी सोडलं. नोकरी परत मिळालेली नाही, मिळेल असं दिसत नाही. कोठडीत उजव्या डोळ्याचं दिसणं गेलं. उरलेल्या दोनशे वस्तूंचा पत्ता नाही.

तू म्हणालीस, "त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मी मध्ये भाषांतर करीन. बसा." एवढंच. एप्रिलनंतर तू माझ्याशी बोललेलं हे पहिलंच.

मी शर्ट बदलला. का, ते माहीत नाही. आईने मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि बाजूला सरकून बसली. अर्ध्या पडद्यावर तू, अर्ध्यावर ते. मी त्यांना मनात मोठा आडदांड माणूस समजत होतो. ते तर बारीक, पांढरी दाढी, अंगावर जुना स्वेटर, आणि चेहरा जरा तिरपा करून डाव्या डोळ्याने मला शोधत होते. त्यांनी आधी सलाम केला. मला आधी करायचा होता.

मी पाठ केलेलं बोललो. की मी खोटं लिहिलं. की माझ्या नावासाठी लिहिलं, दुसरं काही कारण नव्हतं. की नंबर पुसायला मीच सांगितलं. की माफी मागायचा मला अधिकार नाही, तरी मागतो. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं होतं, आणि मी थांबलो की ते वाक्य तू त्यांच्या भाषेत म्हणायचीस. मी गुन्हा केला आणि तो कबूल करायला तुझं तोंड वापरावं लागलं. तुझा आवाज सरळ होता. माझाच हलत होता.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"ते विचारताहेत, नंबर पुसताना दगडावर ओरखडा पडला का?"

मी आईकडे पाहिलं. तू पुन्हा विचारलंस.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी ती डबी कधी पाहिलेली नाही. फक्त फोटो पाहिले."

हे तू त्यांना सांगितलंस तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिले. रागाने नाही. मला वाटतं, कीव येऊन. मग हाताने हवेत एवढ्या आकाराची खूण केली, ओंजळीपेक्षा लहान, आणि बराच वेळ काहीतरी सांगत होते. तू भाषांतर केलंस. आतून तिचा रंग बाहेरच्यापेक्षा फिका आहे. झाकण बसताना बारीकसा आवाज होतो. हिवाळ्यात दगड इतका गार असतो की ते आधी हात कुशीत धरून गरम करायचे आणि मगच तिला उचलायचे. ती ओळ मी वाचली असली तरी डबी कशी आहे हे मला कळायला हवं, म्हणून सांगताहेत, असं तू म्हणालीस.

मी मान हलवत राहिलो. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. माफी मिळाली का, ते मला ठाऊक नाही. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही आणि मी विचारलं नाही.

शेवटी ते निरोप घेऊन गेले आणि पडद्यावर तू एकटी उरलीस. मला वाटलं आता काही बोलशील. तू म्हणालीस, "आईला फोन द्या."

मी दिला. उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो. तुमचं बोलणं पाऊण तास चाललं. आई मध्येच हसली, बऱ्याच महिन्यांनी. मी कान दिला नाही.

तू कधी बोलशील, की बोलणार नाहीस, हे मी विचारणार नाही. चौकशीची पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे आणि मी जाणार आहे. शिक्षा झाली तर भोगीन. हे तुला कळावं एवढंच.

पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू त्यांच्याशी बोलत होतीस तेव्हा मला बाकी एक अक्षर कळत नव्हतं. माझी वाक्यं सांगताना तू 'मी' म्हणत होतीस की 'हे' म्हणत होतीस, 'नरहर' म्हणत होतीस की 'तो माणूस', ते मी कान देऊन ऐकत होतो. फारसीतला एक शब्द मला येतो. पेदरम. माझे वडील. प्रत्येक कबुलीच्या आधी तू तो म्हणालीस. मी मोजलं, सात वेळा.

बाबा